घराआधीची स्वाइपबंदी

माझ्या नवऱ्याला बिल भरायला आवडतं. लग्न ठरलं तेव्हा मी हे माझ्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मग तक्रार कसली? तक्रार नव्हतीच. हॉटेलात जेवण संपत आलं की काउंटरवरून बिल निघायचं आणि ते टेबलापर्यंत पोचायच्या आत याचा हात वर गेलेला असायचा, दोन बोटांत कार्ड धरलेलं. बरोबर आम्ही दोघंच असू की ऑफिसची अख्खी टोळी, बिल याच्याच कार्डावर. बाकीच्यांनी आपापला वाटा फोनवरून याला पाठवायचा. लोकांना वाटायचं, काय दिलदार माणूस आहे. दिलदार तो आहेच, पण इथे मामला पॉइंटांचा होता. शंभर रुपये खर्च केले की इतके पॉइंट, शनिवार-रविवारी दुप्पट, सणासुदीला त्याहून जास्त. हे तो समोरच्याला इतक्या जिव्हाळ्याने समजावून सांगायचा, की लोक आपल्या मुलांच्या मार्कांबद्दलसुद्धा इतकं भरभरून बोलत नाहीत.

या पॉइंटांतून आमच्या घरी काय आलं, तर एक सँडविच टोस्टर, ज्यात आपल्याकडचा ब्रेड बसत नाही. एक चाकांची बॅग, जिचं एक चाक कायम वेगळ्याच गावाला निघालेलं असतं. आणि विमानतळाच्या लाउंजमधलं फुकट जेवण. एकदा नात्यातल्या लग्नासाठी आम्ही सासूबाईंना घेऊन हैदराबादला गेलो, तेव्हा हा आम्हाला इतक्या लवकर विमानतळावर घेऊन गेला की आमच्या विमानाचा बोर्डवर पत्ताही नव्हता. लाउंजमध्ये सासूबाईंनी इडली खाल्ली, उपमा खाल्ला, केकचा तुकडा खाल्ला आणि मग हळूच विचारलं, "ह्येचे पैशे कोण देता?" कोणी नाही आई, कार्ड आहे ना, असं हा म्हणाला. त्या मूळच्या मालवणकडच्या, सासरे गिरणीत होते. फुकट म्हणून दिलेल्या वस्तूकडे त्या आधी संशयानेच बघतात. पण त्या दिवशी त्यांनी ते कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पदराने पुसून परत दिलं.

तेव्हा सासूबाई आणि आम्ही दोघं बोरीवली पूर्वेला वन रूम किचनमध्ये भाड्याने राहत होतो. याची नोकरी पवईच्या एका ऑफिसमध्ये, अ‍ॅडमिनची. म्हणजे खुर्च्या मोडल्या, एसी गळला, कोणाचा वाढदिवस आला, की सगळे याला शोधतात. मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. थोडक्यात, नॅशनल पार्कच्या या बाजूला आमचं घर आणि त्या बाजूला दोघांच्याही नोकऱ्या. मधून बिबट्याला जाता येतं, माणसाला वळसा घालावा लागतो. त्यात दर अकरा महिन्यांनी घरमालक भाडं वाढवायचे आणि वाढवताना आमच्यावरच उपकार केल्यासारखा चहा पाजायचे. शेवटी आम्ही ठरवलं, की आता त्या बाजूला स्वतःचं घर घ्यायचं.

नाहूरला एक फ्लॅट आवडला. वन बीएचके, बांधून तयार, इमारत फार उंच नाही. एका रविवारी सासूबाईंना दाखवायला नेलं. एजंट त्यांना खिडकीतून क्लब हाउस दाखवत होता आणि त्या स्वयंपाकघरातला नळ सोडून पाण्याखाली बोट धरून उभ्या होत्या. "पाणी खंयचा? म्युनिसिपालटीचा की टँकराचा?" असं त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, म्युनिसिपालिटीचं. त्यांनी थोडं पाणी तोंडात घेऊन चूळ भरली आणि मान डोलावली. घर पसंत झालं. बाल्कनी एवढीशी होती, पण तुळशीची कुंडी आणि एक खुर्ची मावत होती. खुर्चीत कोण बसणार यावर परतीच्या रिक्षात त्या मायलेकांचं थोडं वाजलं.

लोनसाठी आम्ही मुलुंडच्या एका बँकेत गेलो. माझ्या हॉस्पिटलमधल्या एका नर्सने तिथल्या अधिकारी बाईंचं नाव सुचवलं होतं. जाताना हा नवा शर्ट घालून आला. त्याचं म्हणणं होतं, की आपल्याला कसली चिंता? आपण आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, एवढी वर्षं कार्डं वापरतोय, बँका स्वतःहून फोन करून लिमिट वाढवून देतात. माझ्याकडे एकच कार्ड. पगाराचं खातं उघडलं तेव्हा बँकेने गळ्यात मारलेलं. त्यावर मी महिन्याला विजेचं बिल भरते, बाकी ते पर्समध्ये झोपून असतं. तो मला रिक्षातच म्हणाला होता, "तुझं रेकॉर्ड जरा अळणी आहे. पण काळजी करू नको, मी आहे."

बाईंनी आमच्या दोघांचे क्रेडिट रिपोर्ट काढले. माझा बघून त्या एका मिनिटात म्हणाल्या, छान आहे. याचा बघायला लागल्या आणि बघतच राहिल्या. माझ्या कामात मला हा चेहरा ओळखीचा आहे. पेशंट म्हणतो, काही दुखत नाही हो, नुसतं चेकिंगला आलोय, आणि फिल्म बघणाऱ्या डॉक्टरांचा चेहरा असा होतो.

"सर, तुमच्याकडे सध्या इतके हप्ते कसले चालू आहेत?" त्यांनी विचारलं. "फोन, परत फोन, एसी, टीव्ही, परत फोन. तुमचं दुकान आहे का?"

दुकान नव्हतं, पण फार फरकही नव्हता. ऑफिसमधल्या मित्राला फोन हवा होता, त्याच्याकडे कार्ड नव्हतं, याने आपल्या कार्डावर बिनव्याजी हप्ते करून दिले. खालच्या मजल्यावरच्या काकांचा एसी तसाच. माझ्या भावाचा टीव्ही तसाच. सगळे महिन्याच्या महिन्याला याला पैसे पाठवायचे, कोणी बुडवलं नव्हतं. पण बँकेच्या लेखी ते सगळे हप्ते याचे. बाईंनी शांतपणे समजावलं, की लोन किती द्यायचं हे ठरवताना पगारातून हे सगळे हप्ते आधी वजा होतात. दुसरं म्हणजे कार्डांची लिमिट दर महिन्याला काठोकाठ भरलेली दिसते. तुम्ही वेळेवर पूर्ण पैसे भरता हे ठीक आहे, पण बघणाऱ्याला वाटतं की या माणसाचं कार्डाशिवाय चालत नाही. आणि तिसरं म्हणजे गेल्या वर्षभरात इतक्या ठिकाणी नव्या कार्डांसाठी अर्ज, की पैशांची फार निकड असल्यासारखं दिसतं.

"निकड नाही हो, मॅडम," हा म्हणाला. "जॉइनिंगचे पॉइंट मिळतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, सहा महिने थांबा. सगळे हप्ते मुदतीआधी बंद करा. कार्डं वापरलीत तरी लिमिटच्या अगदी थोडं वापरा. नवीन कार्डासाठी कुठेही अर्ज करू नका. नुसती चौकशीही नको. आणि घाबरून सगळीच कार्डं बंद करू नका, सर्वात जुनं आहे ते तर ठेवाच, त्यामुळेच तुमचा जुना इतिहास चांगला दिसतो. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तेव्हा अर्ज करताना मॅडम पहिल्या अर्जदार, तुम्ही दुसरे.

बाहेर पडल्यावर उसाचा रस घेतला. त्याचे पैसेही मीच दिले, सुट्टे होते माझ्याकडे. मग तो म्हणाला, "विजेचं बिल. नुसतं विजेचं बिल भरून तू पहिली."

मी म्हटलं, अळणी आहे ना माझं.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना व्याज, लिमिट हे सगळं समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की लोकांच्या वस्तूंचं कर्ज तुझ्या नावावर कित्याक? मग त्यांनी हात पुढे केला. "तुझी कार्डां माझ्याकडे दी. माका त्येंचो काय उपेग नाय, म्हणान ती माझ्याकडेच बरी." त्याने पाकिटातून एकेक कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. जुनं कार्ड ठेवताना तो जरा थांबला. ते त्याच्या पहिल्या नोकरीतलं, आमच्या लग्नाची खरेदीही त्याच्यावरच झालेली. सासूबाईंनी ती सगळी मसाल्याच्या रिकाम्या बरणीत टाकून बरणी वर ठेवून दिली. बरणी त्यांच्या मते धुतलेली होती. पुढे एकदा स्कूटरच्या सर्व्हिसिंगसाठी त्यांनी एक कार्ड वापरायची परवानगी दिली, तर गॅरेजवाल्याने ते हातात घेऊन नाकापाशी नेलं आणि याला विचारलं, साहेब, घरी मटण आहे का आज?

खरी पंचाईत वसुलीची होती. ज्यांच्या वस्तू कार्डावर होत्या त्यांना सांगायचं, की उरलेले पैसे एकरकमी द्या, मला हप्ते बंद करायचेत. माझ्या भावाला मी स्वतः फोन केला. त्याने दोन दिवसांत पैसे पाठवले आणि वर, ताई, कार्ड कट झालं की काय भावोजींचं, असं विचारून घेतलं. ऑफिसमधला मित्र चांगला निघाला. खालच्या काकांचं मात्र जरा लागलं. मी दर महिन्याला पाच तारखेच्या आत देतो की नाही, असं ते म्हणाले आणि हा त्यांच्या घरात त्यांच्याच एसीखाली बसून घामाघूम झाला. लोकांना वस्तू घेऊन देताना याचा आवाज खणखणीत असायचा. पैसे मागायला गेला की हवापाण्यावर बोलून परत यायचा. शेवटी मीच खाली जाऊन काकूंना सांगितलं, की आम्ही घर घेतोय, बँकेने अट घातलीय. घर म्हटल्यावर काकूंचा चेहरा बदलला. कुठे, केवढ्याला, पाणी कसं, हे सगळं विचारून झालं आणि संध्याकाळी काका स्वतः वर येऊन पैसे देऊन गेले. जाताना म्हणाले, आधी नाही का सांगायचं, घरासाठी आहे म्हणून.

ते महिने याच्यासाठी सोपे नव्हते. मी चिडवायचे, पण मला दिसत होतं. हॉटेलात बिल आलं की त्याचा हात अर्ध्यावर जायचा आणि मग तो उगाच केस मागे करायचा. कोणीतरी दुसरा पैसे भरायचा, मग हा मुकाट्याने आपला वाटा त्याला पाठवायचा. मॉलमध्ये जिन्यापाशी कार्डवाल्यांचा स्टॉल असतो, तो टाळायला आम्ही लांबच्या जिन्याने जायचो. त्याला त्या स्टॉलवरच्या मुलांना नाही म्हणवत नाही. त्यांचं टार्गेट काय असतं, महिन्याला किती फॉर्म भरून घ्यावे लागतात, हे तो विचारून बसतो आणि मग त्याला वाईट वाटतं. आमच्याकडे आलेली निम्मी कार्डं अशी वाईट वाटून आलेली आहेत.

एवढं सगळं करूनही तो एकदा घसरलाच. पेट्रोल पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना एका मुलीने टॅब पुढे केला. त्याने पॅन नंबर सांगितला, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला आणि पेट्रोल भरून घरी आला. मला संध्याकाळी बोलता बोलता कळलं. मी काही बोलायच्या आत त्याने खुलासा केला, "घेणार नाहीये गं मी कार्ड. पण ती भर उन्हात उभी होती ना." सासूबाई गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मगे छत्री घेवन देवची होती."

आणि मग दिवाळीच्या आधीचा सेल आला, आणि त्याबरोबर ताईंचा फोन.

ताई म्हणजे याची मोठी बहीण. घाटकोपरला राहतात, शाळेत शिकवतात. वडील गेले तेव्हा हा कॉलेजमध्ये होता, तेव्हा याची फी ताईंनी भरली होती. हे ताई कधी बोलून दाखवत नाहीत, पण हा विसरत नाही. त्यांच्या घरातली प्रत्येक मोठी वस्तू याच्या कार्डावर आलेली आहे. दर वर्षी सेल लागला की त्यांचा फोन यायचा आणि हा मोठ्या उत्साहाने मॉडेल शोधून द्यायचा. या वर्षी त्यांचं वॉशिंग मशीन बिघडलं होतं. नवं घ्यायचं होतं, हप्त्यांवर, याच्या कार्डावर. आमच्या घराचं त्यांना माहीत होतं, पण कार्डांची ही भानगड माहीत नव्हती. याने सांगितलीच नव्हती.

फोन आला तेव्हा त्याने हो-हो केलं आणि ठेवल्यावर माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, बहीण तुझी आहे. शनिवारी तो म्हणाला, हे फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगतो, आणि घाटकोपरला गेला. संध्याकाळी परत आला तो हातात कोलंबीच्या कालवणाचा डबा घेऊन. मी विचारलं, सांगितलंस? त्याने बूट काढले, पंखा लावला, पाणी प्यायला. मग म्हणाला की ताईने जेवायला वाढलं, भावोजी गप्पा मारत बसले, मग विषयच निघेना. "निघाला तेव्हा मी म्हटलं, पाहतो."

"पाहतो म्हणजे?" मी विचारलं.

"पाहतो म्हणजे पाहतो."

पुढचे काही दिवस ताई रोज एकेका मशीनचा फोटो पाठवायच्या. वरून कपडे टाकायचं की समोरून, पांढरं की करडं. हा प्रत्येक फोटोखाली अंगठा टाकायचा. सेल संपायला एक दिवस राहिला तेव्हा मी त्याला म्हटलं, की अरे, त्या बिचाऱ्या तुझ्या अंगठ्यांवर थांबल्यात. त्यांच्या घरी बादलीत कपडे साठलेत. तेव्हा कुठे त्याने फोन लावला. बाल्कनी नव्हती आम्हाला, म्हणून बाथरूमच्या दाराशी जाऊन उभा राहिला. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"ताई, मशीन नाही जमणार मला," तो म्हणाला. "कार्ड वापरायचं नाहीये मला घराचं होईपर्यंत. तुला आधीच सांगायला हवं होतं."

पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. फार काही नसावं, कारण फोन लगेच संपला. तो म्हणाला, ताई बरं म्हणाली. घर घ्या म्हणाली. आणि तो जेवला नाही. कार्डांवरून मी त्याला बरंच चिडवलं होतं, पण त्या दिवशी काही बोलले नाही. ज्या माणसाला पेट्रोल पंपावरच्या अनोळखी मुलीला नाही म्हणता येत नाही, त्याने आपल्या बहिणीला नाही म्हटलं होतं.

भाऊबीजेला आम्ही तिघं घाटकोपरला गेलो. ओवाळणीची साडी त्याने स्वतः जाऊन आणली होती, रोख पैसे देऊन, नेहमीपेक्षा भारी. ताईंनी दार उघडलं, या म्हणाल्या, नेहमीसारखंच. आत गेलो तर स्वयंपाकघराच्या पॅसेजमध्ये नवंकोरं वॉशिंग मशीन. करडं, समोरून कपडे टाकायचं. अजून त्याच्यावरचा स्टिकरही काढला नव्हता. हा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

ताई आतून ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी स्वतःचं कार्ड काढलं. पगाराच्या बँकेने लगेच दिलं. इतकी वर्षं विचारत होते, मीच म्हणायचे, माझा भाऊ आहे."

तो म्हणाला, तुला राग आला ना. ताईंनी त्याला पाटावर बसवलं, टोपी घातली आणि ओवाळायला सुरुवात केली. ओवाळता ओवाळताच म्हणाल्या, "नाही म्हणालास म्हणून नाही आला राग. आधी पाहतो म्हणालास, त्याचा आला. मी आठवडाभर मशीनं निवडत बसले. मला तू नाही म्हणू शकतोस रे. मी काय पंपावरची मुलगी आहे?"

पंपाचं त्यांना सासूबाईंनी सांगितलं होतं. सासूबाई तेव्हा करंजी खाण्यात अगदी गुंतल्या होत्या.

जेवताना ताईंनी आपलं कार्ड दाखवलं. याने ते लगेच उलटंसुलटं करून बघितलं आणि सांगितलं, की यावर किराण्याला चांगले पॉइंट आहेत, पण पेट्रोलला नाहीत. मग बराच वेळ तो ताईंना शिकवत बसला. बिल किती तारखेला निघतं, कधी भरायचं, लिमिटच्या किती वापरायचं, कोणाच्या वस्तू आपल्या कार्डावर घ्यायच्या नाहीत. शेवटचं सांगताना त्याचा चेहरा इतका गंभीर होता, की भावोजींना ठसका लागला.

जानेवारीनंतर आम्ही पुन्हा त्या बँकेत गेलो. बाईंनी रिपोर्ट काढला. हप्ते एकही नाही, कार्डांवर जेमतेम काही खर्च, स्कोअर चांगला वर आलेला. त्या पहिल्यांदा हसल्या. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "आणि ही ऑक्टोबरमधली चौकशी कसली?"

माझ्याकडे न बघता याने सांगितलं. खरं तेच सांगितलं, उन्हासकट. बाईंनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, कार्ड घेतलं नाहीत ना? तसं एका कागदावर लिहून द्या. तो लिहायला लागला तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, की माझे मिस्टरही असेच आहेत, त्यांच्याकडे जिमच्या मेंबरशिपा आहेत.

लोन मंजूर झालं. आम्ही मागितलं होतं त्याहून थोडं कमी, पण उरलेलं जमलं. काही माझ्या पीएफमधून, काही सासूबाईंनी बाजूला ठेवलेल्यातून, ज्याचा आम्हाला दोघांनाही पत्ता नव्हता. आम्ही मेमध्ये नाहूरला आलो. सामान फार नव्हतं. सँडविच टोस्टर मी बोरीवलीलाच सोडून येणार होते, पण त्याने तो मांडीवर घेऊन आणला.

पहिली अर्जदार मी असल्यामुळे घराच्या प्रत्येक कागदावर आधी माझं नाव आहे. करारावर, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, मेंटेनन्सच्या बिलावर, विजेच्या मीटरवर. याचं नाव त्याच्याखाली, 'आणि' लावून. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसमधून फोन आला, तर मॅनेजरने याला विचारलं, आपण कोण? हा म्हणाला, मी नवरा. मॅनेजर म्हणाला, मग मॅडमना द्या ना जरा. वॉचमन त्याला 'मॅडमचे साहेब' म्हणतो. पार्किंगचा स्टिकर माझ्या नावाने आला, आणि गाडी म्हणजे त्याची स्कूटर, जी मला चालवता येत नाही.

दारावर पाटी लावायची वेळ आली तेव्हा त्याने ठरवलं, की पाटी आपण आपल्या पद्धतीने करायची, बँकेच्या नाही. त्याने कागदावर वेगवेगळ्या तऱ्हा काढून पाहिल्या. नुसतं आडनाव, मग दोघांची नावं शेजारी शेजारी, मग तिरकी. शेवटी तो कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, तुझंच आधी राहू दे, कुरियरवाले गोंधळतात.

सासूबाई बाल्कनीतल्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. खुर्ची पहिल्या दिवसापासून त्यांचीच झाली आहे. त्यांनी तिथूनच विचारलं, "आणि माझा नाव खंय?"

तो पुन्हा कागद घेऊन बसला.